गळका टप आणि अनुमानाचा प्रश्न

जुन्या मोटारीचा टप गळू लागला की आधी दिसते ते कार्य. सीटवर ओला डाग पडतो, छताच्या अस्तरातून थेंब ठिबकतो, पायाखालची चटई कुबट वास सोडते. पाणी ज्या फटीतून आत आले ती फट मात्र दिसत नाही. दिसणाऱ्या कार्यावरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो आणि तो कोठवर पोचतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. गळतीचा शोध हे त्याचे चोख उदाहरण आहे, कारण येथे चुकलेले अनुमान पुढच्याच पावसात उघडे पडते. न्यायदर्शनाने तर अनुमानाचा आपला सिद्धांत पावसाच्या पाण्याच्या आधारेच समजावून दिला आहे.

न्यायदर्शनातील पावसाचे अनुमान

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. भाष्यकार वात्स्यायनाने त्यांची उदाहरणे दिली आहेत. ढग दाटून आलेले पाहून पाऊस पडेल असे म्हणणे, म्हणजे कारणावरून कार्याकडे जाणे, हे पूर्ववत्. नदीला पूर आलेला पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे म्हणणे, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणे, हे शेषवत्. सूर्य आकाशात वेगळ्या जागी दिसतो यावरून त्याला गती आहे असे ठरवणे हे सामान्यतोदृष्ट. गळतीचा शोध दुसऱ्या प्रकारात मोडतो.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या अनुमानावर आक्षेप घेतला आहे. नदीचे पाणी खाली बांध घातल्यानेही फुगू शकते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असे मानतात, पण वारूळ कोणी उकरले तरीही त्या निघतात. मोराच्या आवाजावरून अनुमान करावे, तर तो आवाज माणूसही हुबेहूब काढू शकतो. मग कार्यावरून कारण कळते असे कसे म्हणावे?

सूत्रकाराचे उत्तर असे की येथे अनुमान चुकलेले नाही, अनुमान करणारा चुकला आहे. बांधामुळे तुंबलेले पाणी आणि पावसाने आलेला पूर ही एकच खूण नव्हे. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यात पाने, फळे आणि लाकडे वाहत येतात. ज्याने फक्त ‘पाणी वाढले’ एवढेच पाहिले, त्याने खूण पुरती पाहिलीच नाही. या उत्तरातून पहिला नियम निघतो: कारणाचा विचार करण्याआधी कार्याचे सारे विशेष नोंदवले पाहिजेत.

टपाची रचना आणि पाण्याच्या वाटा

विशेष ओळखण्यासाठी पाण्याला कोणत्या वाटा उपलब्ध आहेत हे ठाऊक हवे. भारतातल्या जुन्या गाड्यांपैकी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनत राहिलेली अ‍ॅम्बेसेडर या दोन्हींची रचना या बाबतीत सारखी आहे. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा दरवाजांच्या वर एकत्र येतात. त्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंग केलेले असते आणि त्याच जोडावर पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ तयार होते. दोन वेल्डिंगच्या मधली फट बुजवण्यासाठी पन्हळीत सीलंटचा थर देऊन वर रंग मारलेला असतो. पुढची आणि मागची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेली असते. आतून छताला रेक्झिनचे अस्तर ताणलेले असते, आणि ते आडव्या तारांच्या कमानींवर तोललेले असते.

पाणी शिरण्याच्या जागा यावरून ठरतात. पन्हळीतले सीलंट वाळून तडकते. काचेचे रबर कडक होऊन आकसते, विशेषतः कोपऱ्यांत. दरवाजाची बीडिंग दबून सपाट होते. अँटेनासाठी किंवा कॅरिअरसाठी पाडलेल्या छिद्राचा वॉशर कुजतो. मुंबईच्या जुन्या टॅक्सींवरच्या कॅरिअरचे पाय पन्हळीत अडकवून आवळलेले असत. ओझ्याने आणि हादऱ्यांनी तिथला रंग खरवडला जातो, आणि गंजाला सुरुवात तिथूनच होते. सनरूफ असलेल्या गाड्यांत आणखी एक वाट असते. सनरूफभोवतीच्या खोबणीतले पाणी चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली उतरवलेले असते, आणि नळी चोंदली की तेच पाणी अस्तरात उतरते.

कार्याचे विशेष

पुराच्या पाण्यातली पाने आणि फेस जशी खूण ठरली, तशाच खुणा टपाच्या ओलीतही सापडतात. तांबूस डाग पडला असेल तर पाणी गंजलेल्या जोडातून आले आहे. डागाला एकात एक अशी अनेक वलये असतील तर गळती जुनी आहे आणि ती जागा पुनःपुन्हा भिजून वाळलेली आहे. पाऊस सुरू होताच थेंब पडत असेल तर वाट आखूड आहे. पाऊस थांबून तास झाल्यावर, किंवा गाडी वळणावर कलल्यावर पाणी आले, तर ते मध्ये कोठेतरी साठून राहिले होते. उभ्या गाडीत कोरडे राहणारे अस्तर धावत्या गाडीत भिजत असेल, तर वाऱ्याचा दाब पाणी आत ढकलतो आहे, आणि संशय पुढच्या काचेच्या रबरावर जातो. उतारावर नाक खाली करून उभ्या केलेल्या गाडीत पुढे पाणी येते आणि नाक वर केल्यावर मागे येते, तर पाणी पन्हळीसारख्या लांब जोडाने प्रवास करते आहे.

येथे बांधाने तुंबलेल्या नदीसारखी फसवी उदाहरणेही आहेत. थंडीच्या पहाटे पाऊस नसताना छत ओले आढळले तर ते दव असू शकते. बंद गाडीतल्या बाष्पाचे थंड पत्र्यावर पाणी होते. ही ओल पत्र्याच्या मोठ्या भागावर सारखी पसरलेली असते, एका ठिकाणी धार धरत नाही. वातानुकूलित गाडीत पुढच्या बाजूची चटई भिजली तर अनेकदा टपाचा काही संबंध नसतो. एसीच्या पाण्याची नळी चोंदलेली असते. अशी ओल कडक उन्हाळ्यातही येते, आणि हा एक विशेष टपाला निर्दोष ठरवायला पुरेसा आहे.

खूण एकीकडे, कारण दुसरीकडे

टपाच्या गळतीत सर्वांत जास्त फसगत जागेबाबत होते. थेंब जेथे पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेल असे सहज वाटते, आणि ते बहुधा तसे नसते.

याची कारणे पाण्याच्या स्वभावात आहेत. वैशेषिकांनी पाण्याच्या हालचालीचे दोन हेतू वेगळे केले होते. आधार सुटला की पाणी गुरुत्वामुळे पडते, आणि द्रवत्वामुळे वाहते. टपाखाली पाण्याचा आधार लगेच सुटत नाही. ते पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून उताराच्या दिशेने सरकते, अस्तराच्या तारेवर येते, तारेने कडेला जाते, तिथून वायरीने दिव्याच्या घरापर्यंत पोचते, आणि आधार जेथे संपतो तेथे थेंब होऊन पडते. अरुंद फटीत ते वरही चढते. दोन स्वच्छ पत्र्यांमध्ये ०.१ मिलिमीटर फट असेल, तर केशाकर्षणाने पाणी सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत चढू शकते. रंगवलेल्या, मळलेल्या पत्र्यांत ही उंची कमी भरते, पण पन्हळीचा काठ ओलांडायला काही मिलिमीटर पुरतात.

या अंतरातून तर्कशास्त्राची एक खरी अडचण उभी राहते. नैयायिकांच्या मते हेतू (म्हणजे खूण) आणि साध्य (म्हणजे जे सिद्ध करायचे ते) एकाच आश्रयावर असावे लागतात. धूर ज्या पर्वतावर आहे, त्याच पर्वतावर अग्नी सिद्ध होतो. थेंब मात्र मागच्या सीटवर आहे आणि भोक पुढच्या खांबाजवळ. नदीच्या उदाहरणातही हीच अडचण आहे. पूर येथे आहे, पाऊस वर कोठेतरी. एका जागेच्या खुणेने दुसऱ्या जागेची वस्तू कशी सिद्ध व्हावी?

भाष्यावर वार्तिक लिहिणाऱ्या उद्द्योतकराने हा आक्षेप ओळखला आणि अनुमानाची मांडणी बदलली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे येथे पाऊस सिद्ध करायचा नसतो. सिद्ध करायचे असते ते नदीविषयी. ‘ही नदी पाऊस झालेल्या प्रदेशाशी जोडलेली आहे’ एवढाच निष्कर्ष पुराच्या खुणेतून निघतो. हेतू आणि साध्य दोन्ही नदीवरच राहतात, आणि अडचण सुटते.

ही दुरुस्ती तांत्रिक वाटते, पण गळतीच्या शोधात तिला मोठा अर्थ आहे. डागावरून ‘येथे वर भोक आहे’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘हा डाग कोणत्या तरी वाटेने बाहेरच्या पाण्याशी जोडलेला आहे’ एवढाच निघतो. म्हणजे थेंबाने सिद्ध होते ती वाट. भोक हे त्या वाटेचे दुसरे टोक आहे, आणि ते गाठायचे तर वाट उलट्या दिशेने टप्प्याटप्प्याने चालावी लागते. म्हणून जाणकार कारागीर थेंबाच्या वरचा पत्रा सीलंटने माखत नाही. तो आधी काठाची बीडिंग काढून अस्तर मोकळे करतो, टॉर्चच्या उजेडात पत्र्याच्या खालच्या अंगावरचा पाण्याचा ओघळ शोधतो आणि त्याच्या मागे मागे वर जातो. ओघळ दिसत नसेल तर पत्र्यावर आणि जोडांवर खडूची किंवा टाल्कम पावडर फुंकली जाते. पाणी गेले त्या रेषेत पावडर धुतली जाते आणि वाट उमटते.

एक कार्य, अनेक कारणे

वाट शोधताना दुसरी अडचण येते ती कारणांच्या अनेकपणाची. पन्हळ, काच, कॅरिअरचे छिद्र यांपैकी कोणत्याही वाटेने सीट भिजू शकते. एकच कार्य निरनिराळ्या कारणांनी होत असेल, तर कार्य पाहून कारण ठरवणे अशक्य होईल. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणांच्या या अनेकत्वाकडे लक्ष वेधले. भारतीय चर्चेत हाच प्रश्न अग्नीच्या उदाहरणाने येतो. अग्नी गवतापासून, अरणींच्या घर्षणापासून आणि सूर्यकांत मण्यापासून असा तीन प्रकारे उत्पन्न होतो. मग अग्नीचे कारण कोणते? मीमांसकांनी या तिन्हींत एकच शक्ती कल्पिली. नैयायिकांनी ते नाकारले आणि हे तीन अग्नी तीन जातींचे आहेत, असे उत्तर दिले. कार्य पुरेसे बारकाईने पाहिले तर प्रत्येक जातीच्या कार्याला आपले एकच कारण असते.

दोन्ही उत्तरे वादग्रस्त आहेत, परंतु नैयायिकांचे उत्तर शोधाला दिशा देते. ‘ओल’ हे एक कार्य न मानता काचेवाटेची ओल, पन्हळीवाटेची ओल असे भेद करावे लागतात, आणि भेद करण्यासाठी पुन्हा विशेषांकडे जावे लागते. विशेष संपले आणि संशय उरलाच, तर वात्स्यायनाने शेषवताचा दुसरा अर्थ सांगताना दाखवलेला मार्ग उरतो. शब्द हे द्रव्य असेल, गुण असेल किंवा कर्म असेल; तो द्रव्य नाही, कर्मही नाही, म्हणून गुण. शक्यता मोजून एकेक वगळत जाणे, हा तो मार्ग. त्याची अट कडक आहे. शक्यतांची यादी पूर्ण नसेल तर उरलेली शक्यता खरी ठरत नाही. टपाच्या गळतीत कारागीर चुकतात ते बहुधा वगळण्यात नव्हे, तर यादीत. अँटेनाचे छिद्र किंवा पूर्वीच्या अपघातानंतर बदललेला पत्रा यादीत आलेलाच नसतो.

अन्वय, व्यतिरेक आणि पाण्याचा पाइप

विशेष पाहणे आणि वगळणे यांनी संशयित कारण हाती लागते. ते खरे कारण आहे का हे ठरवण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक तपासावे लागतात: ते असता कार्य होते, ते नसता होत नाही. धर्मकीर्तीच्या परंपरेतील बौद्ध तार्किकांनी या तपासणीची पाच पावले सांगितली असून माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात ती पंचकारणी म्हणून नोंदली आहेत. आधी कार्य दिसत नाही. मग कारण दिसते. त्यानंतर कार्य दिसते. मग कारण दिसेनासे होते. आणि त्यानंतर कार्यही दिसेनासे होते. ही पाचही पावले क्रमाने पडली तरच दोहोंत कार्यकारणभाव आहे असे म्हणता येते.

पाइपने केलेली चाचणी याच क्रमाने चालते. टप आणि अस्तर पूर्ण कोरडे करून घेतात. एक जण टॉर्च घेऊन आत बसतो. दुसरा बाहेरून, दाब कमी ठेवून, एका वेळी एकाच जोडावर काही मिनिटे पाणी सोडतो. थेंब आला की पाणी बंद करतात आणि थेंब थांबतो का ते पाहतात. पाण्याची सुरुवात नेहमी खालून करतात: आधी काचेचा खालचा काठ, मग बाजू, मग वरचा काठ, मग पन्हळ आणि सर्वांत शेवटी टपावरची छिद्रे. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सर्व जोडांवरून वाहते आणि कोणत्या जोडाने थेंब दिला हे कळत नाही. तेव्हा अन्वय मिळतो, पण तो एकाच वेळी पाच-सहा जोडांना लागू पडतो आणि त्यामुळे निरुपयोगी ठरतो. जोराचा फवारा मारणेही चुकीचे आहे. पावसात जी फट गळत नाही तीही फवाऱ्याच्या दाबाने गळते.

व्यतिरेकासाठी मास्किंग टेप वापरतात. सारे जोड टेपने बंद करून टपावर पाणी सोडायचे आणि एकेक टेप काढत जायचे. ज्या टेपनंतर थेंब येतो तो जोड संशयित. तीच टेप पुन्हा लावून थेंब थांबला तरच संशय पक्का होतो. येथे वेळेचे भान ठेवावे लागते. अस्तरात आणि खांबांच्या पोकळीत साठलेले पाणी कारण थांबल्यावरही ठिबकत राहते. पाचवे पाऊल पडायला वेळ लागतो. घाई केली तर खरे कारणही निर्दोष सुटते.

कार्याच्या आधी नेमाने येणारी प्रत्येक गोष्ट कारण नसते, याकडेही नैयायिकांनी लक्ष दिले. मडके घडण्याआधी कुंभाराची माती वाहणारे गाढव आले होते, दांडक्याला रंग होता, कुंभाराला बाप होता. यांना त्यांनी अन्यथासिद्ध म्हटले. मडके त्यांच्यावाचून समजावता येते. गळतीच्या शोधात छतातला दिवा असा फसवतो. थेंब नेमाने दिव्याच्या कडेने पडतो, म्हणून दिवा काढला जातो, त्याचे घर सीलंटने भरले जाते. दिवा केवळ वाटेतला शेवटचा टप्पा असतो. उलट, गाडी नेहमी एका झाडाखाली उभी असते ही गोष्ट फुटकळ वाटते, आणि ती कारणात मोडते. झाडाची पाने पन्हळीत कुजतात, पाणी अडते आणि जोडाच्या पातळीवर चढते. कोणती गोष्ट गाढवाच्या जातीची आणि कोणती पानांच्या, हे वाट ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही.

चार्वाकाचा आक्षेप येथे आठवतो. कितीही वेळा तपासले तरी पुढच्या वेळी तसेच होईल याची खात्री कोठून आणायची? डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात हीच शंका युरोपात मांडली. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर व्यवहाराकडे बोट दाखवते. शंका तेथवरच चालते जेथवर ती शंकेखोराच्या स्वतःच्या कृतीशी विरोधात जात नाही. ज्याला पाणी आणि फट यांच्या संबंधाची खरोखर शंका आहे, तो पाऊस आल्यावर गाडीची काच वर करणार नाही. तो काच वर करतो, म्हणजे शंका त्याच्या तोंडी आहे, आचरणात नाही. या उत्तराने चार्वाक पुरता गप्प होत नाही; श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात याच युक्तिवादावर उलट हल्ला चढवला. पण शंका कोठे थांबवावी याचे एक माप त्यातून मिळते.

अभाव कारण असतो का

फट सापडली की खरे कारण काय, हा प्रश्न आणखी एका रूपात उभा राहतो. पाऊस नव्या गाडीवरही पडत होता, पन्हळ तेव्हाही होती, दोन वेल्डिंगमधली जागा तेव्हाही मोकळीच होती. बदलले एवढेच की तेथे सीलंट होते, ते आता नाही. मग ‘नसणे’ हे कारण होऊ शकते का?

हा वाद नैयायिक आणि मीमांसक यांच्यात अग्नी आणि मणी यांच्या उदाहरणाने झाला. विशिष्ट मणी जवळ ठेवला तर अग्नी जाळत नाही, असे मानले जाई. मीमांसक म्हणत की अग्नीत दाहशक्ती आहे आणि मणी ती नष्ट करतो. उदयनादी नैयायिकांचे मत असे की निराळी शक्ती मानण्याची गरज नाही. प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणसामग्रीचा भाग आहे. मणी प्रतिबंधक आहे. तो नसणे हे जळण्याचे एक कारण आहे. नैयायिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला होता, म्हणून त्यांना असे म्हणता आले.

गळतीला हे मत चपखल लागू पडते. सीलंट हा प्रतिबंधक आहे आणि त्याचा नाश होण्यामागे भावरूप कारणे आहेत. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन प्रसरण पावते. १.२ मीटर लांबीचा टप दुपारी तापून रात्री ४० अंशांनी थंड झाला, तर त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बदलते. ताजे सीलंट ही ओढाताण सहन करते, वाळून कडक झालेले तडकते. तड्यातून शिरलेल्या पाण्याने जोडात गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो आणि फट रुंदावत जाते. कोकणासारख्या प्रदेशात, जेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे चक्र वेगाने फिरते.

यातून दुरुस्तीचे दोन वर्ग पडतात. प्रतिबंधकच गेला असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर प्रतिबंधक परत आणणे पुरेसे आहे. गंजाने पत्राच खाल्ला असेल, तर हानी उपादानाची, म्हणजे मूळ द्रव्याचीच आहे. तेथे नुसते सीलंट भरणे म्हणजे नसलेल्या वस्तूला आधार देणे होय. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो.

दुरुस्ती आणि ज्ञानाची कसोटी

पन्हळीच्या दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. जुने सीलंट उकरून काढायचे, रंग आणि गंज घासून चकचकीत धातूपर्यंत जायचे, जोड हवेने आणि उन्हाने पूर्ण वाळवायचा, गंजरोधक प्रायमर द्यायचा, त्यावर पॉलियुरेथेनचे लवचीक सीलंट भरायचे, आणि ते सुकल्यावर रंग द्यायचा. काचेचे रबर कडक झाले असेल तर नवे घालायचे. रबर चांगले असून फक्त बसण्यात सैल असेल, तर त्याच्या ओठाखाली न सुकणारी मॅस्टिक भरतात. आंबट वासाचे सिलिकॉन पोलादावर वापरू नये. सुकताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते, ते गंजाला मदत करते, आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही. डेंटर-पेंटर वापरतात ती लांबी किंवा इपॉक्सीची कडक पुटी जोडात भरली तर टपाच्या प्रसरण-आकुंचनाने ती पुन्हा तडकते.

वात्स्यायनाने भाष्याच्या आरंभीच ज्ञानाची कसोटी सांगितली आहे. ज्ञानाच्या आधारे केलेली प्रवृत्ती सफल झाली, तर ते ज्ञान यथार्थ. दुरुस्तीनंतर टप गळला नाही, म्हणजे अनुमान खरे होते. ही कसोटी टिकाऊ आहे, पण तिला एक मर्यादा आहे. ज्याने टपावरचे सगळे जोड सरसकट सीलंटने माखले, त्याचीही प्रवृत्ती सफल होते. त्याला कारण कळलेले नसते. दोन पावसांत थेंब आला नाही, यामागे वारा त्या दिशेने नव्हता एवढेच कारण असू शकते. म्हणून सफलतेची परीक्षाही विशेषांसह घ्यावी लागते. ज्या जोडावर, ज्या वेळेपर्यंत, ज्या उतारावर पाणी सोडून थेंब मिळवला होता, तीच चाचणी दुरुस्तीनंतर पुन्हा करावी. तेथे थेंब आला नाही, तरच सफलता अनुमानाची साक्ष देते.

शेवटची कडी आणि पहिली कडी

गळतीच्या दुरुस्तीतली सर्वांत हानिकारक चूक म्हणजे पाणी बाहेर पडते ती जागा बंद करणे. थेंब थांबतो, सीट कोरडी राहते. पाणी मात्र येतच राहते आणि आता त्याला निघायला वाट नसल्याने ते खांबाच्या पोकळीत आणि दरवाजांखालच्या पट्टीत साठते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर जो भाग कधी ओला दिसलाच नव्हता तोच कुजून गळून पडतो. अशा दुरुस्तीपेक्षा उघडी गळती बरी, कारण ती निदान दिसते.

कार्य थांबवणे आणि कारण थांबवणे यांतला हा भेद भारतीय मोक्षविचाराच्या मुळाशी आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्याच सूत्रात दुःख, जन्म, प्रवृत्ती, दोष आणि मिथ्याज्ञान अशी साखळी दिली आहे. यातली पुढची कडी गेली की तिच्या आधी सांगितलेली जाते: मिथ्याज्ञान गेल्याने दोष, दोष गेल्याने प्रवृत्ती, प्रवृत्ती गेल्याने जन्म आणि जन्म गेल्याने दुःख. अनुभवाला येते ते दुःख. शोध तेथून सुरू होतो, पण उपाय तेथे नसतो. बौद्धांची चार आर्यसत्ये आणि योगभाष्यातील रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध ही चतुष्टयी याच क्रमाने रचलेली आहे. तीनही परंपरांत दुःखाची जाणीव बोथट करणे म्हणजे दुःखाचा नाश नव्हे, हे तत्त्व समान आहे. त्यांचा मतभेद आहे तो साखळीची पहिली कडी कोणती आणि ती तोडल्यावर काय उरते याविषयी.

टपाच्या बाबतीत पहिली कडी पाइप आणि टेप लावून हाताने तपासता येते. दुःखाच्या बाबतीत तशी चाचणी करता येत नाही, म्हणून तेथे शास्त्र, गुरू आणि साधना यांच्या प्रामाण्याचा प्रश्न उभा राहतो आणि दर्शने वेगळी होतात. अनुमानाचा अधिकार मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. कार्य पाहून कारण असले पाहिजे एवढे निश्चित म्हणता येते. ते कोणते, हे म्हणण्याचा अधिकार वाट उलटी चालून, शक्यतांची यादी पुरी करून आणि असताना-नसताना दोन्ही तपासून मिळवावा लागतो. ही तपासणी न करता बुजवलेली फट पुढच्या पावसात पुन्हा गळते.